दीड गोणी वाळवंट

एका कुंडीपायी मी सोसायटीत पाच हजार रुपये अनामत भरून बसलोय. पावती फ्रिजवर लोहचुंबकाने लावली आहे, कारण बायको म्हणाली, हरवलीस तर तेही गेले. त्यामुळे दूध काढायला गेलं की रोज त्या पावतीचं दर्शन होतं आणि चहा कडू लागतो.

झालं असं की मागे एकदा मार्चमध्ये जोधपूरला एका लग्नाला गेलो होतो. गावाबाहेर नुसती रेती, खुरटी काटेरी झुडपं, आणि मधेच एक झुडूप असं पेटलेलं, की ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली. केशरी फुलांचे घोसच्या घोस. खाली उतरून वास घेतला तर वास काहीच नाही. नुसता रंग. ड्रायव्हर म्हणाला, रोहिडा. राजस्थानने 1983 मध्ये याला राज्यपुष्प केलं, हे मला नंतर कळलं. लाकूड इतकं चांगलं की तिकडे त्याला मारवाडचा साग म्हणतात. मी तिथेच ठरवलं, हे आपल्या ठाण्याच्या बाल्कनीत हवं. काही काही निर्णय उन्हात घेऊ नयेत.

तिकडच्या मित्राने बिया पाठवल्या. कागदासारखे पातळ पंख असलेल्या, पाकीट उघडताना पंख्याने अर्ध्या उडाल्या त्या सोफ्याखाली. उरलेल्यांतून पाच रोपं आली. नर्सरीवाल्याच्या सांगण्यावरून लाल माती आणि कोकोपीटमध्ये लावली, आणि मग जुलै आला. जैसलमेरला वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. ठाण्यात अडीच हजारांच्या आसपास. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला होता, म्हणजे जैसलमेरचा चार-पाच वर्षांचा कोटा एका दिवसात वाहून गेला. कोकोपीट हा प्रकार पाणी धरून ठेवण्यासाठीच असतो. माझ्या पाचांपैकी चार रोपांची मुळं कुजून गेली. उपटली तेव्हा उकडलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी साल हातात आली.

उरलेलं एक आता वीतभर झालंय. पानं अरुंद, राखाडी हिरवी, कडेला कुरडईसारखी नागमोडी. यंदा पावसाच्या आत त्याला रेतीत हलवायचं, एवढाच माझा गुन्हा.

रेती आणायला घोडबंदर रोडवरच्या बिल्डिंग मटेरियलवाल्याकडे गेलो. त्याने मान वर न करता विचारलं, "किती ब्रास?" ब्रास म्हणजे शंभर घनफूट. मी म्हटलं, दीड गोणी. "स्लॅबला की प्लास्टरला?" म्हटलं, झाडाला. त्याने आता मान वर केली, माझ्या चपलांपर्यंत बघितलं आणि पोऱ्याला ओरडून सांगितलं, "साहेबांना टाइमपासवाली दे." खाडीची रेती मला नको होती, तिच्यात मीठ. म्हणून क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली रेती घेतली. तिच्यात दगडाची भुकटी असते, ती पाणी पडलं की थापून बसते, म्हणून धुवावी लागते. मी तिथेच नळावर दोन पाणी धुतली. या सगळ्यात शर्ट गेला, तो वेगळा.

ओल्या गोण्या लिफ्टमधून आणल्या. त्या टपकल्या. वीस मिनिटांत व्हॉट्सॲप ग्रुपवर सीसीटीव्हीचा फोटो: मी, कमरेत वाकलेला, गोणीला मिठी मारून. खाली मजकूर, "बी विंगमध्ये विनापरवाना बांधकाम? सभासदांनी लक्ष द्यावे." अकरा जणांनी अंगठे दाखवले. एकाने विचारलं, "कॉन्ट्रॅक्टर कोण? रेट काय घेतला?"

संध्याकाळी सेक्रेटरी आले. हातात मोजपट्टी.

"बाथरूम तोडताय का?"

"नाही हो काका. झाड लावतोय."

"झाड मातीत लावतात."

"हे रेतीतलं आहे. रोहिडा."

काका उभे होते ते बसले. मोजपट्टी आपोआप सर्रकन आत गेली. "काय म्हणालात?"

"रोहिडा."

"रोहिडा किल्ला आहे," काका म्हणाले. "भोरजवळ. आमचं मूळ गाव तिथून दीड कोसावर."

"हो, पण हे झाड..."

"तीन दरवाजे आहेत त्याला. एकामागून एक. बांदलांचं खोरं ते! लहानपणी मी अनवाणी चढायचो. आणि तुम्ही ते नाव..." इथे त्यांनी बाल्कनीतल्या कुंडीकडे अशा नजरेने बघितलं, की मीच ओशाळलो. "कुंडीला दिलंत?"

"मी नाही दिलं. राजस्थानात म्हणतात."

"राजस्थानात किल्ले कमी आहेत का? आमचाच सापडला?"

यावर काय बोलणार? मी सारवासारव करायला गेलो आणि म्हटलं, आपल्याकडे त्याला रक्तरोहिडा म्हणतात. ही माझी घोडचूक. रक्त आणि रोहिडा एका दमात ऐकल्यावर काकांच्या अंगात जे काही आलं ते पुढची वीस मिनिटं उतरलं नाही. कोणता बुरूज कुठे, वर पाण्याची टाकी कशी, माथ्यावरून तोरणा आणि राजगड कसे दिसतात. बायकोने चहा आणला, तो त्यांनी बुरुजावरच घेतला. "त्याला विचित्रगडही म्हणतात," असं सांगताना ते थांबले आणि माझ्याकडे रोखून बघत राहिले. नाव योग्य जागी पडल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मग बायकोने, देव तिचं भलं करो, सांगितलं की हे औषधी आहे. आयुर्वेदात याला रोहितक म्हणतात, साल यकृताला आणि प्लीहेला देतात. काका एकदम मवाळ. "साल मिळेल का थोडी? आमच्या मेव्हण्याला लिव्हरचा त्रास आहे." मी त्यांना वीतभर रोप दाखवलं. त्याचं खोड मोरीच्या खराट्याच्या काडीएवढं. "पावशेरसुद्धा नाही निघणार?" त्यांनी खोड चिमटीत धरून विचारलं.

मला वाटलं, आता सुटलो. काकांनी खिशातून फॉर्म काढला. नूतनीकरण परवानगी अर्ज.

"कामाचे स्वरूप?"

"काका, काम नाहीये."

"रेती आली म्हणजे काम. ठरावात तसंच आहे. काय लिहू?"

वैतागून म्हटलं, लिहा वाळवंट. त्यांनी लिहिलं. सुवाच्य, शिरोरेघेसकट.

"कालावधी?"

"फूल येईपर्यंत."

"म्हणजे कधी?"

"हळू वाढतं ते. काही वर्षं तरी लागतील."

"नव्वद दिवसांच्या वर परवानगी नाही," काका म्हणाले. "नव्वद दिवसांत आणा फूल. नाहीतर मुदतवाढीचा अर्ज करा, त्याचे पाचशे. अनामत काम पूर्ण झाल्यावर परत."

इथपर्यंत मी हसत होतो. पण आता सांगून टाकतो. आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये डिसेंबरपासून मार्बलचं काम चाललंय. दुपारी दोन ते चार ड्रिल बंद, असा नियम आहे, आणि बरोबर सव्वादोनला आमच्या छताला दातदुखी लागते. माझ्या मुलीने दहावीचा अभ्यास कानात कापूस घालून केला. डेब्रिजच्या गोण्या जिन्यात महिनाभर पडून होत्या, आईला दोनदा त्यांना वळसा घालून उतरावं लागलं, तिचा गुडघा आधीच अधू. मी तीन वेळा लेखी तक्रार दिली. ग्रुपवर टाकलं, तर कोणीतरी खाली गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल टाकलं. तो फ्लॅट खजिनदारांचा. त्यांची अनामत भरली आहे का, हे मी काकांना त्याच संध्याकाळी विचारलं. "तो विषय वेगळा आहे," ते म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं.

मी भरले पैसे. का भरले, असं बायको तीनदा विचारून झाली. कारण वेळ साडेआठची होती, पोटात भूक होती आणि काका अर्ध्या वाटेत पुन्हा दुसऱ्या दरवाज्यापाशी चढायला लागले होते.

निघताना ते बाल्कनीत गेले. कुंडी नुकतीच भरली होती. तळाला फुटक्या कौलाच्या खापऱ्या, वर धुतलेली रेती, मधे ते एकुलतं एक रोप. रोप हलवल्यावर मुळांना जखमा असतात, तीन-चार दिवस पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, असं मी पक्कं ठरवलं होतं. रेती वरून कोरडी पडली होती, बोट घातलं तर गरम लागत होती. काकांनी वाकून बघितलं. जीभ टाळ्याला लावून चक् चक् केलं.

"अहो वहिनी, झाड तहानलंय तुमचं," ते म्हणाले, आणि चहासोबत दिलेल्या ग्लासातलं उरलेलं पाणी कुंडीत ओतलं. मग टीपॉयवरचा तांब्याही.