वायफायच्या नावातील ‘५जी’बाबत खुलासा
बडोद्यातील दांडिया बाजार परिसरातल्या मराठी दुकानदारांत असा निरोप फिरत आहे की, राउटरच्या वायफाय नावापुढे ‘५जी’ दिसले म्हणजे मोबाइलचे ५जी इंटरनेट मिळते. हे खरे नाही. तेथील ‘५जी’ म्हणजे ५ गिगाहर्ट्झचा वायफाय पट्टा (रेडिओ लहरींचा कंप्रता-पट्टा) असून, तो २.४ गिगाहर्ट्झपेक्षा वेगवान असला तरी जाड भिंतींपलीकडे, आणि आपल्या जुन्या वाड्यांत तर विशेषच, लवकर क्षीण होतो. इंटरनेटचा वेग मुळात घेतलेल्या योजनेवर ठरतो. मात्र योजना २०० एमबीपीएसची (मेगाबिट प्रति सेकंद) आणि राउटरचे वॅन पोर्ट (बाहेरून येणारी इंटरनेटची तार जोडण्याची खाच) १०० एमबीपीएसचेच असेल, तर निम्मा वेग वाया जातो, म्हणून खरेदीपूर्वी गिगाबिट (१००० एमबीपीएसच्या) पोर्टची खात्री अवश्य करावी. दुकानातील ग्राहकांना वेगळे गेस्ट नेटवर्क (आपल्या वायफायपासून अलग ठेवलेले, पाहुण्यांसाठीचे वायफाय) द्यावे. बिलिंगचा संगणक त्यावर जोडू नये.