पिकअपची ओढण्याची क्षमता वकील ठरवत नाहीत

पिकअप बाळगणाऱ्यांमध्ये एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो. कंपनीने जाहीर केलेली ओढण्याची क्षमता हा वकिलांच्या सल्ल्याने मुद्दाम कमी ठेवलेला आकडा असतो, इंजिनात दम असेल आणि मागची जोडणी मजबूत असेल तर त्याच्या दुप्पट वजनही बिनधास्त ओढता येते, असा त्याचा आशय असतो. पुरावा म्हणून ऑक्टोबर 2012 मधले लॉस एंजेलिसचे दृश्य जोडलेले असते, ज्यात टोयोटा टंड्रा ही एक पिकअप ‘एन्डेव्हर’ हे अवकाशयान पुलावरून ओढून नेते.

दृश्य खरे आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. यान आणि त्याखालचा चाकांचा गाडा मिळून भार शंभर टनांहून अधिक होता, पण अंतर थोडे होते आणि वेग माणसाच्या चालीएवढा होता. सपाट, टणक रस्त्यावर एक टन वजन हलते ठेवायला साधारण 10 ते 15 किलोचा जोर पुरतो. रस्ता 6 टक्के चढाचा असेल तर टनामागे आणखी 60 किलो जोर लागतो, म्हणजे शंभर टनांसाठी 6 टन. हा जोर पिकअपच्या स्वतःच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास जातो, तेव्हा इंजिन कितीही ताकदवान असले तरी चाके जागीच फिरत राहतील.

वकिलांच्या मुद्द्यात तर फारसे तथ्यच नाही. अमेरिकेत एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने ओढण्याची क्षमता ठरवण्यासाठी जे2807 हे मानक तयार केले आहे. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळचा लांबलचक चढ एअर कंडिशनर पूर्ण चालू ठेवून, वेग ताशी 64 किलोमीटरांच्या खाली न जाऊ देता चढावा लागतो. आकडा अशा चाचण्यांतून येतो.

याहून घातक समजूत मजकुरात न बोलता गृहीत धरलेली आहे: जाहिरातीतला आकडा आपल्याच गाडीचा आहे. तो त्या मॉडेलच्या सर्वांत अनुकूल रचनेचा असतो, ठरावीक इंजिनाचा आणि ठरावीक ॲक्सल रेशोचा, म्हणजे ॲक्सलमधल्या गिअरच्या प्रमाणाचा. शिवाय ओढण्याची मर्यादा येण्याआधी बहुधा पेलोडची, म्हणजे गाडीने स्वतःच्या अंगावर पेलायच्या भाराची मर्यादा संपते. समजा, जाहीर क्षमता 5000 किलो आहे आणि दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर पेलोड 750 किलो लिहिला आहे. चार माणसांचे 300 किलो, मागच्या हौद्यातल्या सामानाचे 100 आणि जोडणीच्या लोखंडाचे 40 वजा केले की 310 किलो उरतात. साध्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी 10 ते 15 टक्के भार ट्रेलरला पिकअपशी जोडणाऱ्या दांडीवाटे पिकअपवर यायला हवा. तो 13 टक्के धरला, तर या गाडीला जेमतेम 2385 किलोंचा ट्रेलर झेपतो, म्हणजे जाहीर आकड्याच्या निम्म्याहूनही कमी.

यावर त्याच मजकुरात तोडगाही सुचवलेला असतो: ट्रेलरमधले सामान मागे सरकवा, म्हणजे दांडीवरचा भार कमी होईल. हा सल्ला सरळसरळ धोकादायक आहे. उलार भरलेला ट्रेलर वेग वाढताच डोलू लागतो, प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होऊ शकतो आणि शेवटी पिकअपचे मागचे टोकही त्याच्यासोबत फेकले जाते.

जाड जोडणी किंवा हवेच्या स्प्रिंगा बसवल्याने क्षमता वाढते, हेही खरे नाही. स्प्रिंगांमुळे गाडीची बसलेली पाठ वर येते, पण ॲक्सल, टायर आणि ब्रेक तेच राहतात. दांडीचा भार मागच्या ॲक्सलच्याही मागे पडत असल्याने तरफेचा परिणाम होतो. दोन ॲक्सलांमध्ये 3.6 मीटर अंतर असेल आणि जोडणीचा गोळा मागच्या ॲक्सलपासून 1.2 मीटर मागे असेल, तर 300 किलोंच्या दांडीभाराने मागच्या ॲक्सलवर 400 किलो वाढतात आणि पुढच्या ॲक्सलवरचे 100 किलो कमी होतात. ज्या चाकांनी गाडी वळवायची, त्यांचीच पकड सैल होते.

ब्रेकबद्दल हा मजकूर काहीच बोलत नाही. पिकअप आणि ट्रेलर मिळून 6000 किलो असतील आणि 6 टक्के उतार 10 किलोमीटर चालला, तर गाडी 600 मीटर खाली येते. या उतरणीत मोकळी होणारी ऊर्जा ताशी 80 किलोमीटर वेगातून एकदा पूर्ण थांबताना ब्रेकना शोषाव्या लागणाऱ्या ऊर्जेच्या जवळजवळ 24 पट असते. काही भाग वाऱ्याच्या रोधात आणि टायरांत जिरतो, बाकीची जबाबदारी खालच्या गिअरवर आणि दोन्ही वाहनांच्या ब्रेकांवर पडते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील, तर पिकअपचे ब्रेक तापून निकामी होऊ शकतात, आणि इंजिनाची अश्वशक्ती तेव्हा काही कामाची नसते.

राहिला ‘मी वर्षानुवर्षे ओढतोय, काही झाले नाही’ हा युक्तिवाद. त्यातून एवढेच कळते, की लांब उतार, आडवा वारा आणि अचानक मारावा लागलेला ब्रेक हे अजून एकत्र आलेले नाहीत. तपासणी मात्र अवघड नाही. माणसे आणि सामानासह पिकअप एकदा ट्रेलरविना व एकदा ट्रेलर जोडून वजनकाट्यावर न्यावी, जोडलेल्या स्थितीत प्रत्येक ॲक्सलची नोंद वेगळी घ्यावी आणि ती दाराच्या पट्टीवरच्या आकड्यांशी ताडून पाहावी. मागच्या ॲक्सलची नोंद मर्यादेपलीकडे असेल, तर निघण्याआधी हौद्यातले सामान उतरवावे किंवा हलका ट्रेलर घ्यावा.