‘पीएस२ला झेपलंच नाही’: माफियाच्या पोर्टवरचा एक आळशी आरोप

जुन्या गेम्सचा विषय निघाला की ‘माफिया’च्या पोर्टबद्दल, म्हणजे पीसीवरून प्लेस्टेशन २ (पीएस२) या कन्सोलवर उतरवलेल्या आवृत्तीबद्दल, एक मजकूर कुणीतरी हमखास पुढे ढकलतं. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण सांगाडा तोच: “माफिया पीसीवर मास्टरपीस होता. व्हाइस सिटी धो धो खपली म्हणून घाईघाईने पीएस२वर आणला, जीटीएची नक्कल म्हणून विकला. त्या डब्यात दमच नव्हता. शहर ओसाड, गाड्या बैलगाडीसारख्या, जरा वेग वाढवला की पोलीस मागे, आणि ती रेस तर जिंकताच येत नाही. समीक्षकांनी धुतला तो उगाच नाही.”

समीक्षकांनी धुतला हे खरं. शहर ओसाड हे बऱ्यापैकी खरं. बाकीच्या वाक्यांत मात्र एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी मारलंय, आणि काही ठिकाणी तर पुण्यालाच पाप म्हटलंय.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) म्हणजे शहरात गाड्या पळवायच्या गुन्हेगारी गेम्सची मालिका, व्हाइस सिटी तिचाच एक भाग. ‘माफिया: द सिटी ऑफ लॉस्ट हेवन’ चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरातल्या इल्यूजन सॉफ्टवर्क्सने बनवला. पीसीवर ऑगस्ट २००२ मध्ये आला, पीएस२ आणि एक्सबॉक्सवर २००४ च्या सुरुवातीच्या महिन्यांत. लॉस्ट हेवन हे काल्पनिक अमेरिकन शहर, १९३० ते १९३८ चा काळ, टॉमी अँजेलो नावाचा टॅक्सीवाला आणि डॉन सालिएरीची टोळी. मी आधी पीसीवर संपवला आणि नंतर एका दिवाळीच्या सुट्टीत आतेभावाच्या पीएस२वर पुन्हा खेळलो. त्यामुळे दोन्ही बाजूंचं मीठ खाल्लंय.

आधी नक्कल. माफियाचं काम १९९८ च्या अखेरीस सुरू झालं. तेव्हा जीटीए म्हणजे वरून दिसणाऱ्या चपट्या रस्त्यांवरच्या काडेपेटीएवढ्या गाड्या. थ्रीडी शहरात फिरवणारा जीटीए थ्री यायला ऑक्टोबर २००१ उजाडला. माफियाचं सुरुवातीचं कामचलाऊ नाव ‘गँगस्टर’ होतं, तो ‘ड्रायव्हर’च्या धर्तीवरचा गाडी हाकण्याचा गेम होणार होता आणि नायक चक्क पोलीस होता. डॅनियल वाव्रा लेखक-दिग्दर्शक म्हणून आला आणि पोलिसाचा टॅक्सीवाला झाला. म्हणजे उसनवारी शोधायचीच असेल तर ‘ड्रायव्हर’कडे बोट दाखवा. जीटीएचा इथे काय संबंध? आणखी एक गंमत, जी हा मजकूर पाठवणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते: माफियाचा प्रकाशक गॅदरिंग ऑफ डेव्हलपर्स आणि जीटीएवालं रॉकस्टार, दोघांचा मालक टेक-टू. एकाच घरातली दोन पोरं. व्हाइस सिटीचं यश बघून कन्सोलवर यायचा उत्साह वाढला असेलही, धंदा म्हटल्यावर त्यात गैर काय? पण त्याने गेम नक्कल ठरत नाही.

आता बैलगाडी. हा आरोप वाचला की माझं डोकं फिरतं, कारण तो पोर्टवर केलाय आणि तो मूळ गेमचा स्वभाव आहे.

पीसीवर सुरुवातीला हाती येणाऱ्या गाड्यांपैकी एक म्हणजे बोल्ट एस. फोर्ड मॉडेल टीवर बेतलेली, उभट पेटीसारखी. ती घेऊन लॉस्ट हेवनच्या लिटल इटली भागातून टेकडीवरच्या ओक हिलला जाऊन बघा. सपाटीवर ठीक चालते. ओक हिलचा चढ लागला की इंजिनाचा आवाज जड होतो, वेगाचा काटा खाली घसरत जातो आणि एका वळणावर वाटतं की उतरून ढकलावं. ही गाडी बनवणाऱ्यांनी मुद्दाम अशी बनवली. गेम १९३० साली सुरू होतो. तुम्ही जसजसे टोळीत वर चढता तसतशा हाती येणाऱ्या गाड्या दमदार होतात, गॅरेजमधला तोतरा राल्फ एकेकीचं कुलूप कसं उघडायचं ते शिकवतो, आणि आठ वर्षांचा काळ तुम्हाला ॲक्सिलरेटरमधून कळतो. तारखेची पाटी न वाचता कळतो. पहिल्याच मिशनला ताशी शंभरची गाडी दिली असती तर ही गंमत संपली असती.

पोलिसांचंही तेच. शहरात ताशी ४० मैलांची मर्यादा, लाल दिवा तोडला तर गुन्हा. पोलिसाने पाहिलं तरच गुन्हा, बरं का. किरकोळ असेल तर थांबून दंड भरायचा आणि सुटायचं, वाढवलं तर अटक, बंदूक काढली तर गोळ्या. पीसीवर तर वेग मर्यादेत बांधून ठेवायचं खास बटण होतं, ते दाबून आम्ही शहाण्या मुलासारखे प्रेत डिकीत घालून पोलीस चौकीसमोरून जायचो. हे सगळं २००२ साली पीसीवर होतं. २००४ च्या कन्सोलवाल्यांनी ते शोधून काढलेलं नाही. ज्याला हे आवडत नाही त्याला माफिया आवडत नाही. हरकत नाही, पण मग ‘पीसीवर मास्टरपीस’ हे कशाच्या जोरावर म्हणतो?

रेसवर फार वेळ घालवत नाही. त्या मिशनचं नाव ‘फेअर प्ले’. आदल्या रात्री प्रतिस्पर्ध्याची रेसिंग कार पळवून मेकॅनिक लुकास बर्तोनेकडे नेऊन बिघडवून आणायची, आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच ड्रायव्हरची वाट लागल्यामुळे टॉमीला स्वतःलाच ट्रॅकवर उतरायचं. अरुंद चाकांची, उघड्या टपाची ती गाडी वळणावर साबणाच्या वडीसारखी घसरते. या मिशनने रात्री जागवल्या त्या पीसीवाल्यांच्या. बोंब इतकी झाली की पीसीच्या पॅचमध्ये (नंतर दिलेल्या दुरुस्तीत) रेसची काठिण्यपातळी निवडायची सोय द्यावी लागली. कीबोर्डवर बाणाचं बटण एकतर पूर्ण दाबलेलं असतं नाहीतर सोडलेलं, मधलं काही नाही. कंट्रोलरच्या काठीला मात्र थोडंसं कलतं करता येतं. आतेभावाकडे मी ती रेस तिसऱ्या प्रयत्नात जिंकलो. पीसीवर किती प्रयत्न लागले ते सांगायची लाज वाटते.

राहता राहिला मुख्य मुद्दा, ‘डब्यात दम नव्हता’. इथे आकडे बोलू देत. पीएस२ची मुख्य मेमरी ३२ एमबी, ग्राफिक्ससाठी वेगळी ४. पीसीवर माफियाची किमान मागणी ९६ एमबी रॅम आणि १६ एमबीचं ग्राफिक्स कार्ड. म्हणजे मूळ गेमला लागत होती त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी जागा. ही अडचण खोटी नव्हती. पीएस२वर धुकं जवळ येतं, लांबच्या इमारती त्यातून अचानक उगवतात, रस्त्यावर वर्दळ कमी. सुरुवातीला कॅमेरा शहरावरून तरंगत डिटेक्टिव्ह नॉर्मनला टॉमी वाट पाहत बसलेल्या कॅफेपर्यंत आणतो ना, तो प्रवास दोन्हीकडे लागोपाठ पाहिला तर फरक आंधळ्यालाही दिसेल.

पण मग एक्सबॉक्सचं काय? ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी, वर आत हार्ड डिस्क. घराघरांतल्या ज्या पीसींवर आपण माफिया खेळलो त्यांच्यातल्या कित्येकांपेक्षा दणकट यंत्र. दम हाच प्रश्न असता तर एक्सबॉक्सची आवृत्ती पीसीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहायला हवी होती. राहिली नाही. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर पीसीच्या आवृत्तीला शंभरपैकी ८८ गुण आहेत, आणि पीएस२ व एक्सबॉक्स दोघंही पासष्टीच्या आसपास, जवळजवळ हातात हात घालून. मेमरी दुप्पट आणि निकाल तोच. हा एक मुद्दा त्या अख्ख्या मजकुराला पुरून उरतो.

पीएस२च्या बाजूनेही साक्षीदार आहेत. डिसेंबर २००२ मध्ये त्याच यंत्रावर ‘द गेटअवे’ आला, तोही गँगस्टरांचा आणि गाड्यांचाच, खऱ्या लंडनच्या रस्त्यांवरचा. आणि माफियाचा पोर्ट आला त्याच २००४ च्या ऑक्टोबरात त्याच ३२ एमबीत जीटीएचा ‘सॅन आंद्रेआस’ बसला. तीन शहरं, मधली गावं, डोंगर, वाळवंट, आणि रस्त्यावर असताना लोडिंगचा पडदा नाही. कसं? जागा लहान असलेल्या घरात पाहुणे जेवायला बसतात तसं. पहिली पंगत उठली की दुसरी. तुम्ही पुढे जाता तसा पुढचा रस्ता डिस्कवरून वाचला जातो आणि मागचा मेमरीतून पुसला जातो. पीएस२वरचे जीटीए पहिल्या दिवसापासून या पंगतीच्या हिशेबाने रचले होते.

माफिया रचला होता एकाच बैठकीच्या हिशेबाने. पीसी आवृत्तीच्या फायली उलगडून बघितल्या की हे डोळ्यांना दिसतं. (मोड करणाऱ्यांचा, म्हणजे गेममध्ये आपले बदल घालणाऱ्यांचा, हा जुना नाद, मीही त्यात चार रविवार घालवलेत.) प्रत्येक मिशनचं फोल्डर वेगळं, नावं चेक भाषेत, ‘मिसे’ म्हणजे मिशन, रेसच्या फोल्डरला ‘ऑटोड्रोम’. प्रत्येकात त्या मिशनपुरती मांडणी स्वतंत्र. एखाद्या नाटकाच्या प्रवेशांसारखं: पडदा पडतो, नेपथ्य बदलतं, पडदा उघडतो. कथेसाठी ही रचना उत्तम, पोर्टसाठी डोकेदुखी. मोठ्या रंगमंचासाठी बांधलेलं नेपथ्य छोट्या मंचावर चढवायचं तर एकतर ते नव्याने बांधायला हवं, नाहीतर करवतीने कापायला हवं. माफियाच्या बाबतीत करवत चालली. त्याचं खापर छोट्या मंचावर फोडायचं, हा कुठला न्याय?

आणि मोठ्या मंचावरही तीच कापलेली फळी नेली की काय होतं, ते एक्सबॉक्सने दाखवलं.

गुण घसरण्यामागे आणखी एक साधी गोष्ट आहे, उशीर. पीसीनंतर जवळपास दीड वर्षाने हा गेम कन्सोलवर आला. तोवर पीएस२वाल्यांनी व्हाइस सिटी चघळून चोथा केली होती, नोव्हेंबर २००३ मध्ये ‘ट्रू क्राइम’ आला होता, आणि एक्सबॉक्सवाल्यांच्या हाती २००३ च्या अखेरीस जीटीए थ्री आणि व्हाइस सिटीची जोडी नुकतीच पडली होती. त्या ताटावर ४० मैलांची मर्यादा वाढली तर लोक तोंड वाकडं करणारच. अर्थात पीसीवरही माफियाच्या तीनच महिने आधी जीटीए थ्री आला होता आणि तरी ८८ पडले, त्यामुळे सगळं बिल उशिरावर फाडता येणार नाही. पीसीवर माउस होता. माफियात अर्धवट भरलेलं मॅगझिन बदललं तर त्यातल्या उरलेल्या गोळ्या गेल्या, परत मिळत नाहीत. गोळी मोजून झाडायची, एका फटक्यात नेम धरायचा, हे गणित माउसच्या हाताचं आहे. अंगठ्याने काठी हलवत ते जमवायचं म्हणजे चिमट्याने शेवया वाढण्यासारखं.

‘पीसीवरचाच खरा’ म्हणणाऱ्यांना एक चिमटा काढून ठेवतो. २०१७ साली पीसी आवृत्ती पुन्हा अधिकृत विक्रीला आली ती परवाना घेऊन वापरलेली गाणी वगळून. ज्या गेममध्ये भाग बदलला की धून बदलते, जिथे जँगो राइनहार्टची गिटार ऐकत आपण गल्ल्या पाठ केल्या, तो गेम त्या गाण्यांविना. कापाकापीचा मक्ता एकट्या कन्सोलकडे नाही.

मग पोर्टने खरंच काय घालवलं? ते त्या मजकुरात नाहीच. तो पोलिसांबद्दल कुरकुरतो, आणि गेले ते नेमके पोलीस. पीसीवर फ्री राइड, म्हणजे मिशनविना मोकळा फेरफटका, लावली की शहरात गस्त असायची, चौकात उभा पोलीस तुमच्याकडे बघायचा. कन्सोलच्या फ्री राइडमधून ही गस्त काढून टाकली. मिशनमध्ये कायदा आहे, मोकळ्या फेरफटक्यात नाही. आतेभावाकडे मी ते पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा काहीतरी चुकतंय एवढंच कळत होतं, काय ते कळत नव्हतं. डाउनटाउनच्या एका चौकात लाल दिव्याला मी सवयीने थांबलो. आजूबाजूला गाडी नाही, माणूस नाही. भाऊ म्हणाला, “थांबलास कशाला? इथे कुणीच येत नाही.” मी दिवा तोडला. खरंच कुणी आलं नाही. पुढचा तोडला, त्यापुढचाही. पाचव्या चौकात मी कंट्रोलर त्याच्या हातात दिला आणि फराळाचं ताट ओढलं.