विमानातल्या साडीवर मत कसं द्यावं

एखाद्या विमान कंपनीनं हवाई सुंदऱ्यांचा पोशाख बदलल्याची बातमी आली की संध्याकाळच्या चहापर्यंत तुमचं मत तयार पाहिजे. दुसऱ्या दिवशी ते कुणी ऐकून घेत नाही. त्यासाठी विमानात बसलेलं असण्याची अट नाही. शिवणकाम, कापड किंवा धुरानं भरलेल्या विमानातून माणसं बाहेर काढण्याचं कसब, यांतलं काही कळण्याचीही नाही. उलट थोडंफार कळत असेल तर मत डळमळतं. ज्यांना कळतं ती माणसं म्हणूनच अशा वेळी गप्प बसतात आणि मैदान आपल्याला मोकळं मिळतं.

सरावाला एअर इंडिया घ्या. १२ डिसेंबर २०२३ रोजी कंपनीनं मनीष मल्होत्रांनी बेतलेले नवे गणवेश दाखवले. बायकांना एका रंगातून दुसऱ्या रंगात उतरत जाणारी ओम्ब्रे साडी, तीवर झरोक्याची नक्षी आणि वरून ब्लेझर. वरिष्ठ असेल तर वांगी रंगाकडून बर्गंडीकडे जाणारी, कनिष्ठ असेल तर लालाकडून जांभळ्याकडे. पुरुषांना बंदगळा, वैमानिकांना काळा डबल-ब्रेस्टेड सूट. हे शेवटचं वाक्य वाचून लगेच विसरायचं. पुरुषांच्या कपड्यांवर काय बोलणार, चार बटणं आणि एक कॉलर! मत द्यायचं ते साडीवर.

सुरुवातीचं वाक्य ठरलेलं आहे: ‘पूर्वीची ती ग्रेस राहिली नाही.’ पूर्वी म्हणजे नेमकं कधी, हे सांगायच्या भरीला पडू नका. एअर इंडियाच्या मुली आरंभी साडी नेसतच नव्हत्या; स्कर्ट, जाकीट आणि टोपी असा साहेबी थाट होता. साडी आली साठच्या दशकात, जे. आर. डी. टाटांच्या कारकिर्दीत, आणि पहिल्या साड्या बिन्नी मिलच्या होत्या. तेव्हाही कुणीतरी आरामखुर्चीत रेलून ‘त्या टोपीची सर नाही हो’ म्हणालं असणारच. ते तुमचे वैचारिक आजोबा.

त्या सोनेरी काळाबद्दल आणखी एक गोष्ट उकरायची नाही. तेव्हाच्या नियमांप्रमाणे हवाई सुंदरीनं पस्तिसाव्या वर्षी निवृत्त व्हायचं. मुदतवाढ मिळणं व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर घरी. पहिल्यांदा दिवस गेले तर घरी. नर्गेश मिर्झा खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयानं गरोदरपणाची अट आणि संचालकांची मर्जी रद्द केली. चार वर्षं लग्न न करण्याची अट मात्र न्यायालयालाही वाजवी वाटली. ती ग्रेस राखायला एवढा बंदोबस्त लागायचा. तुम्ही आपलं ‘सगळ्याच कशा तरुण आणि सडसडीत असायच्या’ एवढं हळहळून म्हणा आणि गाडी पदराकडे वळवा.

पदरावरून संस्कृतीवर यायला वेळ लागत नाही. नव्या साडीची मेख अशी की ती निऱ्या-पदरासकट तयार मिळते आणि हवं तर आत विजार घालता येते. इथं तुम्ही संतापायचंय. ‘साडीखाली पँट? मग साडी तरी कशाला?’ हे म्हणताना शेजारी बायको उभी असेल तर आवाज जरा खाली ठेवा. पावसाळ्यात साडी सावरत लोकलमध्ये चढण्याचा तिचा अनुभव दांडगा असण्याची शक्यता आहे.

मराठी माणूस असाल तर आणखी एक पाऊल टाका: ‘त्यापेक्षा नऊवारी द्यायची!’ ही सूचना सुंदर आहे. ती नेहमी चुकीच्या कारणासाठी केली जाते, हाच तिचा गुण. काष्टा घातलेल्या बायकांनी गुडघाभर चिखलात भातलावणी केली, आडाचं पाणी शेंदलं, डोईवर माशांच्या पाट्या घेऊन बाजार गाठले. दोन्ही पाय मोकळे ठेवणारं ते कष्टाचं वस्त्र होतं. विमानाच्या दारातून फुगवलेल्या घसरगुंडीवर उडी टाकायची वेळ आली तर पाचवारीपेक्षा लुगडं केव्हाही बरं. साडीखालची विजार जे करते तेच आपल्या पणज्यांचा काष्टा करत होता. पण खबरदार, हे कारण देऊ नका. दिलंत तर कुणीतरी विचारेल की मग विजारीवर तुमचा राग का? त्यापेक्षा ‘आपली ओळख’, ‘आपलं वैभव’ असे मोघम शब्द वापरा. फार आग्रह झाला तर पैठणीवर जा. पैठणी नेसून बाराशे फेऱ्या ट्रॉली ढकलायची कशी, हा प्रश्न पैठणीकडे पाहून कुणाला सुचत नाही.

शिवलेल्या साडीला साडी म्हणावं का, हाही मुद्दा काढता येईल, फक्त एक पथ्य पाळा. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत, गिरगावात म्हणा की डोंबिवलीत, तुमची वहिनी शिवलेली नऊवारी चढवते, फेटा बांधते, काळा चष्मा लावते आणि बुलेटवर बसते. तिचे फोटो तुम्हीच काढता. दादरला ती नऊवारी घेताना पिशव्या धरून तुम्हीच उभे होतात. तिथं ती परंपरा आणि विमानात तीच सोय म्हणजे पोरखेळ. या दोन मतांची एकमेकांशी गाठ पडू देऊ नका.

रंगाबद्दल फार विचार लागत नाही. ‘घरी असा एकावर दुसरा रंग उतरला असता तर दुकानदाराच्या तोंडावर नेऊन फेकली असती’ हा विनोद सगळीकडे चालतो. वांगी रंगावरून भरताकडे जाता येतं. ‘आमच्या आईकडे आमसुली होती, तिच्यापुढं हे काहीच नाही’ असं म्हटलं की वाद मिटतो, कारण ती साडी कुणीच पाहिलेली नसते.

काहीजण ‘आमच्या कराच्या पैशांवर ही थेरं’ असं म्हणून बघतात. त्यांना हळूच बाजूला घ्या. कंपनी जानेवारी २०२२ मध्येच टाटांकडे परत गेली. तुमचा पैसा साडीत नाही. कंपनीची नरिमन पॉइंटवरची इमारत आपल्या राज्य सरकारनं १,६०१ कोटींना घ्यायचं ठरवलं, तिथं थोडा असेल. पण इमारतीला पदर नसल्यामुळं तिच्यावर बोलण्यात गंमत नाही.

नियमांच्या बाबतीत मात्र कंपनीच्या पाठीशी खंबीरपणे उभे राहा. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीचे नियम वर्तमानपत्रांत छापून आले होते. टिकली अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत. केसांना काळ्या पिना चार. मोत्याचं कानातलं चालणार नाही. पांढरे केस रंगवलेच पाहिजेत आणि ज्या पुरुषांचे केस फार मागं हटलेत त्यांनी सरळ चकोट करावा. वर्षभरानं नवा गणवेश आला, त्याच्याबरोबर मोत्याचं कानातलं होतं. याला शिस्त म्हणतात. अर्ध्या सेंटीमीटरची टिकली मोजायला पट्टी घेऊन कोण उभं राहतं, हे विचारू नका. उद्या तुमच्या ऑफिसातल्या साहेबांनी तुमच्या चांदीकडे पाहून हेअर डायची बाटली टेबलावर ठेवली, तर त्याला काय म्हणायचं ते तेव्हा बघू.

परदेशाचा दाखला दिल्याशिवाय मताला वजन येत नाही. सिंगापूर एअरलाइन्सचा सारोंग कबाया, म्हणजे मलय बायकांचा लुंगी-पोलक्यासारखा पोशाख, काढा. १९६८ पासून तोच आहे, हुद्द्याप्रमाणे फक्त रंग बदलतो. ‘परंपरा जपावी तर अशी!’ हा आशियाई परंपरेचा पुतळा पियर बाल्माँ नावाच्या पॅरिसच्या शिंप्यानं बेतला, हे तोंडातून जाऊ देऊ नका. याच्या विरुद्ध टोकाला आपली अकासा ही विमान कंपनी ठेवा. तिनं २०२२ मध्ये मुलींना पँट आणि चक्क स्निकर्स दिले, कापडही समुद्रातल्या प्लास्टिकच्या बाटल्यांपासून केलेलं. ‘पी.टी.च्या तासाला निघाल्यात का?’ असं विचारा. दिवसभर तिरक्या जमिनीवर चालणाऱ्या बाईला सपाट बूट का हवेसे वाटले असतील, यावर डोकं चालवायचं नाही. एअर इंडियानं नव्या साडीबरोबरही टाचांचेच बूट दिलेत, त्यामुळं तिकडून काळजी नाही.

आता धोक्याच्या जागा सांगतो, तिथं पाय घसरला तर मत गेलं. नव्या विमानाला परवानगी देताना अर्धे दरवाजे बंद धरून सगळी माणसं नव्वद सेकंदांत बाहेर पडतात का ते बघतात. गणवेशावरच्या चर्चेत कुणी हा नव्वदचा आकडा काढला की ताबडतोब चहा मागवा. २ जानेवारी २०२४ रोजी, म्हणजे नव्या साड्यांवरचा वाद पुरता शिळाही झाला नव्हता तेव्हा, टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरतानाच जपान एअरलाइन्सचं विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं. ते एअरबस ए-३५० होतं. एअर इंडियाच्या नव्या साड्या पहिल्यांदा ज्यावर दिसणार होत्या, त्याच जातीचं. तटरक्षक दलाचे पाचजण दगावले. पण पेटलेल्या ए-३५० मधली ३७९ च्या ३७९ माणसं बाहेर आली. आतली घोषणा यंत्रणा बंद, आठांपैकी तीनच दरवाजे वापरण्याजोगे, आणि कर्मचारी मेगाफोनवरून ओरडून वाट दाखवतायत. प्रवाशांनी डोक्यावरच्या कप्प्यातलं सामान तसंच सोडलं. (आपल्याकडे लोणच्याची बरणी तशीच सोडून कोण उतरलं असतं, हा निराळा लेख होईल.) त्या कर्मचाऱ्यांच्या अंगावर काय शोभत होतं, हे त्या आठवड्यात मला एकाही जाणकारानं सांगितलं नाही. जाणकार कुठं गेले होते कोण जाणे.

दुसरी जागा अमेरिकेत. २०१६ साली अमेरिकन एअरलाइन्सनं नवा गणवेश दिला आणि हजारो कर्मचाऱ्यांनी पुरळ, डोकेदुखी, श्वासाचा त्रास अशा तक्रारी केल्या. कंपनीच्या चाचण्यांत कापड निर्दोष ठरलं. पुढच्याच वर्षी कंपनीनं त्या पुरवठादाराशी करार पुढं न चालवायचं जाहीर केलं. गणवेशाचा रंग राखाडी होता. तुम्ही राखाडीवर बोला. राखाडी सावळ्या रंगाला उठून दिसतो की नाही, यावर तासभर सहज जातो आणि कुणाच्या मानेवरच्या चट्ट्यापर्यंत जायची वेळ येत नाही.

एवढी तयारी झाली की मत थेट हवाई सुंदरीलाच ऐकवायचा मोह होतो. जरूर ऐकवा, फक्त वेळ साधा. लेकीकडे अमेरिकेला निघाला असाल तर रात्रीची जेवणं उरकून दिवे मंद होऊ द्या. ती दोन्ही हातांत उष्ट्या ट्रे घेऊन मागं निघाली की बटण दाबा. ती ट्रे ठेवून येईल, वाकेल, काय हवंय विचारेल. तिला म्हणा, ‘बाळ, ती जुनी साडी जास्त छान दिसायची हो.’ ती हसेल आणि ‘थँक यू, सर’ म्हणेल. मग अचानक आठवल्यासारखं करून गरम पाणी मागा, आणि ती वळली की जरा मोठ्यानं सांगा, अर्धा कपच.