पौंड छापता, मग मिलीमीटर छापायला काय होतं?

आज सकाळी मासेमारीची नवीकोरी ब्रेडेड (विणलेल्या धाग्याची) लाईन, पन्नास पौंडांचा ताण सोसणारी म्हणून घेतलेली, फेकीतच तुटली. मासा लागलेला नव्हता, दगडाला घासलेली नव्हती, गाठही सुटली नाही. नुसत्या फेकीत! अजून हात शिवशिवतायत, म्हणून लिहायला बसलोय.

कमळाच्या पानांवर पोकळ बेडूक, म्हणजे दोन गळांचं रबरी आमिष, टाकत होतो. तिसऱ्या की चौथ्या फेकीला तो एका देठाला अडकला. रॉड सरळ धरून जोरात ओढला, देठ तुटला, बेडूक मोकळा झाला. पण तेवढ्यात घात झाला होता. ओढताना वरची लाईन रीळच्या स्पूलवरच्या (ज्यावर ती गुंडाळलेली असते) खालच्या वेढ्यांत रुतून बसली, आणि मला ते दिसलं नाही. पुढची फेक पूर्ण ताकदीने टाकली. आठ-दहा मीटर लाईन सुटली आणि रुतलेल्या वेढ्यापाशी रीळ जागच्या जागी थांबलं. फाट् करून आवाज आला. बेडूक एकटाच उडत पानांपलीकडे जाऊन पडला. मी तुटलेलं टोक हातात घेऊन बघतोय, तोच तिकडे पाणी फुटलं. त्या सुट्या बेडकावर बास माशाने झडप घातली. उजाडल्यापासून जिची वाट बघत होतो, तीच झडप! पानं हलली, एकदा शेपूट दिसलं, संपलं.

पायातली आग मस्तकात गेली. सगळं गुंडाळून घरी आलो आणि जे लाईन रीळवर चढवायच्या आधी करायला हवं होतं ते केलं. पेन्सिलीवर जुन्या लाईनचे वीस वेढे शेजारी-शेजारी चिकटून घेतले, त्याच्याच बाजूला नव्या लाईनचे वीस, आणि पट्टी लावली. जुनी पन्नास पौंडी सात मिलिमीटरच्या थोडी पुढे गेली. नवी पन्नास पौंडी पाचावर संपली. म्हणजे एक साधारण ०.३६ मिमी आणि दुसरी ०.२५. दोघींच्या डब्यावर आकडा एकच, पन्नास. नव्या डब्यावर जाडीचा आकडा शोधला. पुढे नाही, मागे नाही, तळाला नाही. उडी मारणारा बास मात्र डबाभर छापलाय.

अरे, बारीक लाईन वाईट असं कोण म्हणतंय? मोकळ्या पाण्यात स्पिनिंग रीळवर मी स्वतः दहा-पंधरा पौंडी वापरतो, लांब जाते, वाऱ्यात कमी उडते. पण पानांत आणि शेवाळात बेडूक टाकणारा माणूस पन्नास-पासष्ट पौंडी घेतो ती काही पन्नास पौंडांचा मासा लागणार म्हणून नाही. आजवरचा सगळ्यात मोठा नोंदलेला लार्जमाउथ बास २२ पौंडांच्या थोडा वर आहे, १९३२ मध्ये जॉर्ज पेरीने अमेरिकेतल्या जॉर्जियात पकडलेला, आणि २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात मनाबू कुरिताने त्याची बरोबरी केली. पेरीच्या वेळी तर नायलॉनसुद्धा नव्हतं! आपण जाड लाईन घेतो ती रीळवर रुतू नये, देठ कापत यावी आणि शेवाळाच्या गोळ्यासकट मासा ओढता यावा म्हणून. म्हणजे आपण जाडीच विकत घेत असतो, आणि नेमकी तीच डब्यावर नसते.

पौंडांच्या आकड्यालाही काही ताळतंत्र नाही. कुणाची लाईन छापल्यापेक्षा कितीतरी जास्त ताण घेते, कुणाची गाठ मारली की निम्म्यावर येते. एकाची तीस पौंडी आणि दुसऱ्याची पन्नास पौंडी बोटांत धरली तर फरक लागत नाही, हे मी अनुभवलंय. जपानी डब्यांवर जाडी सांगणारा पीई क्रमांक तरी असतो. एक नंबर म्हणजे साधारण ०.१६५ मिमी, चार नंबर म्हणजे त्याच्या दुप्पट. एकदा हिशेब कळला की डोळे मिटून निवडता येते. हे तिथे जमतं तर बाकीच्यांना का जमू नये?

आणि ते पेडांचं वेड. चार पेडी, आठ पेडी, त्याच्याही वर. धागा सगळ्यांत तोच, पॉलिथिलीनचा. आठ पेडी गुळगुळीत असते, रॉडवरच्या कड्यांमधून (गाईडमधून) आवाज न करता जाते, मान्य. पण त्याच जाडीत आठ पेड बसवायचे तर एकेक पेड बारीक होणारच, आणि दगडावर, लाकडावर तो आधी विसकटणार. चार पेडी खरखरीत असते म्हणूनच शेवाळ कापते. हे न सांगता आठ म्हणजे चारपेक्षा भारी असं छापून मोकळे होतात.

सल्ला देणारेही तसलेच. कुठली घेऊ विचारा, दहा जण हिरवी की पिवळी यावर तासभर भांडतील. अरे, रंग चार दिवसांत उडतो, हिरवा तर बोटांना लागतो! जाडी किती, रीळ कुठलं, पाणी कसं, हे एक जण विचारत नाही. मागे एकाने ठणकावून सांगितलं, एकच ब्रेड घे, सगळ्याला चालते. ऐकलं. ट्रेबल हुक (तीन टोकांचे गळ) लावलेल्या क्रँकबेटवर, म्हणजे माशाच्या आकाराच्या खोट्या आमिषावर, तीच लावली. ही लाईन ताणत नाही, माशाने मान झटकली की गळ तोंडातून निघतो. तीन मासे काठापाशी येऊन सुटले. दुसऱ्या एकाने स्पूलवर थेट गुंडाळ म्हणाला, खाली नायलॉनचे चार वेढे लागतात हे सांगितलंच नाही. मासा लागला आणि सगळं बंडल स्पूलवर गरागरा फिरायला लागलं. हँडल फिरवतोय आणि लाईन येत नाही.

कापलेले तुकडे काठावर टाकून जाणाऱ्यांचा तर मला मनापासून राग येतो. हा धागा कुजत नाही. पक्ष्यांच्या पायात अडकलेला मी बघितलाय, आणि तो दातांनी तुटत नाही, साध्या कात्रीने कापत नाही. खिशात ठेवायला किती जागा लागते?

नवी लाईन उतरवलीय, जुनी परत चढवलीय, खाली नायलॉन घालून, ओल्या फडक्यात धरून घट्ट गुंडाळून. उद्या उजाडायच्या आत त्याच जागी जाणार आहे. आधी पानांत बेडूक तरंगताना दिसतो का ते बघणार. लाईनचा ताण नव्हता, त्यामुळे त्या बासने तो थुंकून टाकला असेल. थुंकलेला असू दे. नाहीतर दोन गळ तोंडात घेऊन तो मासा तिथे फिरत असेल, या विचाराने मला जेवण गेलेलं नाही.