‘ईपीएबीएक्स भंगारात काढा’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

एमआयडीसीतल्या उद्योजकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला. त्यातल्या दोघांनी खाली ‘खरं आहे का हो?’ असं विचारलं, म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: दोन-चार ठिकाणी ऑफिसं असतील तर पीआरआय (एका जोडणीवर अनेक कॉल देणारी फोनलाइन), लीज लाइन (भाड्याने घेतलेली स्वतंत्र लाइन), एमपीएलएस (शाखा जोडणारं टेलिकॉम कंपनीचं खासगी नेटवर्क) ही सगळी लुबाडणूक आहे. जुना ईपीएबीएक्स (ऑफिसातलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज) भंगारात काढा, प्रत्येक शाखेत १०० एमबीपीएसचं ब्रॉडबँड घ्या आणि इंटरनेटवर चालणारे आयपी फोन लावा. शाखांमधलं फोनबिल शून्य होईल, आवाज खणखणीत येईल. पुण्यात बसून कोल्हापूरच्या ग्राहकाला कोल्हापूरच्याच लायनीवरून लोकल कॉल करता येईल. आणि सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या दुसऱ्याच्या सर्व्हरवर, असल्यामुळे लाइन गेली तरी काळजी नाही.

आयपी फोनांशी माझं वैर नाही. क्रोनवर (टेलिफोनच्या तारा जोडायच्या पट्टीवर) जंपर मारण्यापासून सुरुवात केली असली तरी आज मी बसवतो त्यातल्या बहुतेक सिस्टिम आयपीच्याच असतात. पण या मेसेजमध्ये खऱ्यात खोटं असं कालवलंय की निवडून काढावं लागतं.

फोनबिल शून्य होईल हे खरं आहे, पण ते आत्ताच शून्याच्या आसपास आहे त्याचं काय? एसटीडीच्या काळात मुंबई-नागपूर दिवसाला पन्नास कॉल करणाऱ्या कंपनीला दोन ईपीएबीएक्समध्ये भाड्याची टाय लाइन (दोन्ही पेट्या थेट जोडणारी लाइन) टाकणं खरोखर परवडायचं. मग २००६ साली बीएसएनएलच्या ‘वन इंडिया’ योजनेत देशात कुठेही एक रुपया मिनिट झालं, २०१६ला जिओ आलं, आणि आता तुमच्या प्रत्येक शाखेतल्या माणसाच्या खिशात अनलिमिटेड पॅक आहे. म्हणजे जी बचत मेसेज विकतोय ती मोबाइल कंपन्यांच्या भांडणात तुम्हाला केव्हाच मिळाली आहे.

तरीही शाखा जोडाव्यात, पण वेगळ्या कारणासाठी. ग्राहक भोसरीच्या ऑफिसला फोन करतो, त्याला चाकणच्या डिस्पॅचशी बोलायचं असतं. जोडणी नसेल तर रिसेप्शनची बाई म्हणते, ‘साहेबांचा मोबाइल नंबर लिहून घ्या.’ त्या क्षणी तुमचा ग्राहक त्या साहेबांचा झाला. साहेब नोकरी सोडतात तेव्हा तो नंबर घेऊन जातात. जोडणी असेल तर ती तीन आकडे दाबून कॉल ट्रान्सफर करते, रेकॉर्डिंगही होतं. हा फायदा बिलात दिसत नाही, म्हणून मेसेजातही नाही.

आता आवाजाचं. या मुद्द्यावर सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून जरा आकडेमोड करू. आवाजाचे आकडे करणाऱ्या पद्धतीला कोडेक म्हणतात. साध्या जी.७११ कोडेकवर एका कॉलला, पाकिटांवरच्या पत्त्यांसकट, जाताना-येताना प्रत्येकी सेकंदाला साधारण ८७ किलोबिट लागतात. आवाज जास्त दाबून पाठवणारा जी.७२९ वापरला तर ३०-३२. म्हणजे एकाच वेळी दहा जण बोलत असले तरी एक मेगाबिटसुद्धा भरत नाही. तेव्हा १०० काय आणि ३०० काय, आवाजाला त्याचा उपयोग नाही. आवाजाला हवी असते वेळेची शिस्त. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आवाज एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत पोचण्याची आहे. त्याच्या फार वर गेलं की दोघं एकदम बोलायला लागतात आणि मग दोघंही ‘तुम्ही बोला, तुम्ही बोला’ करत थांबतात.

एका कारखान्यात रोज संध्याकाळी सहाला आवाज रोबोटसारखा तुटायचा. फोन बदलले, स्विच बदलला. शेवटी मी लॅपटॉपवर पिंग (पाकीट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) लावून चहा घेत बसलो. पावणेसहापर्यंत २०-२२ मिलिसेकंद, सहा वाजता एकदम ३००च्या वर. अकाउंट्सवाले घरी जाताना टॅलीचा बॅकअप ऑनलाइन चढवून जात होते! अपलोड तुडुंब, आणि राउटरला आवाजाची पाकिटं कोणती आणि बॅकअपची कोणती हे कुणी सांगितलंच नव्हतं. राउटरमध्ये आवाजाला अग्रक्रम दिला आणि बॅकअप रात्री दहाला ढकलला. खर्च शून्य. पण आपल्या राउटरच्या बाहेर, ब्रॉडबँडवर तो अग्रक्रम कोणी पाळत नाही. एमपीएलएसवर पाळतात, आणि तुम्ही पैसे मोजता ते त्यासाठीच.

म्हणून एमपीएलएस ही सरसकट लुबाडणूक नाही. मात्र पाच माणसांच्या शाखेला ती विकणारेही मी पाहिलेत, तिथे मेसेज बरोबर आहे. लहान शाखेला चांगलं ब्रॉडबँड, त्यावर व्हीपीएन (इंटरनेटमधून काढलेली खासगी वाट) आणि राउटरला एक ४जी सिम एवढं पुरतं. ब्रॉडबँड घेताना स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा इंटरनेट पत्ता, मागून घ्या. नाहीतर ब्रॉडबँड कंपनीच्या नॅटच्या (अनेक ग्राहकांना एकच पत्ता वाटून देणाऱ्या व्यवस्थेच्या) मागे राहाल, आणि ‘मला त्यांचं ऐकू येतं, त्यांना माझं नाही’ ही तक्रार सुरू होईल. ती आली तर आधी राउटरमधलं एसआयपी एएलजी बंद करून बघा. एसआयपी ही आयपी फोनांची कॉल जोडायची भाषा, आणि एएलजी म्हणजे तिच्यात ढवळाढवळ करणारी राउटरची सोय. निम्म्या वेळा दुखणं तिथेच असतं.

गोडाऊन किलोमीटर-दोन किलोमीटरवर आणि समोर दिसत असेल तर दोन गच्च्यांवर पॉइंट-टू-पॉइंट रेडिओ लावा, महिन्याचं भाडंच नाही. ५.८ गिगाहर्ट्झला पावसाची फारशी भीती नसते. भीती असते मधल्या झाडाची. मे महिन्यात दिसणारी गच्ची ऑगस्टमध्ये फांद्यांमागे जाते.

आणि पीआरआय या यादीत मुळात आलाच कशाला? एका पीआरआयवर ३० बोलण्याच्या वाहिन्या मिळतात, त्या बाहेरच्या जगाशी बोलायच्या. तो तुमच्या शाखा जोडत नाही. त्याच्या जागी एसआयपी ट्रंक (इंटरनेट पद्धतीची बाहेरची फोनलाइन) घ्यायचा की नाही हा वेगळा हिशोब आहे.

ईपीएबीएक्स भंगारात काढण्याआधी शॉप फ्लोअरवर एक चक्कर मारा. वजनकाट्यावर, कॅन्टीनमध्ये, गेटवर जे साधे फोन आहेत त्यांना वीज ईपीएबीएक्सकडूनच जाते, त्याच दोन तारांतून. लाईट गेली तरी ईपीएबीएक्सच्या बॅटरीवर ते वाजत राहतात. आयपी फोनाला नेटवर्कच्या स्विचमधून वीज लागते, म्हणजे प्रत्येक मजल्यावरच्या स्विचला यूपीएस. आमच्याकडे गुरुवारी महावितरणची कामं निघतात. नवीन सिस्टिम बसवल्यावर पहिल्याच गुरुवारी फोन बंद पडलेली दोन ऑफिसं मला माहीत आहेत. त्यापेक्षा जुन्या पेटीला एक गेटवे (जुनी पेटी आणि आयपी यांच्यातला दुभाषी) जोडा: पीआरआय पोर्ट असेल तर त्याच्या ई-१ जोडणीवरून, नसेल तर साध्या ट्रंक-एक्स्टेन्शनच्या (बाहेरच्या आणि आतल्या फोनच्या) तारांवरून. दोन्हीकडे एकाच मेकच्या मोठ्या सिस्टिम असतील तर क्यूसिग (दोन ईपीएबीएक्सनी आपसात बोलायची भाषा) बघा, ट्रान्सफर आणि नाव दिसणं वगैरे नीट चालतं.

या कामात खरा वेळ तारांपेक्षा आकड्यांत जातो. प्रत्येक शाखेत २०१ नंबरचं एक्स्टेन्शन असतंच. भोसरीला २, चाकणला ३, कोल्हापूरला ४ असं सुरुवातीचं आकडेवाटप केलं की कोणाचा तरी जुना नंबर बदलतो. थोरल्या मालकांचा २०१ बदलायची हिंमत माझ्यात अजून आलेली नाही.

‘कोल्हापूरच्या लायनीवरून लोकल कॉल’ हा मेसेजमधला सगळ्यात धोक्याचा सल्ला. तुमच्या शाखांनी आपापसात स्वतःच्या लिंकवर बोलणं वेगळं. पुण्याहून निघालेला कॉल स्वतःच्या लिंकवरून कोल्हापूरला नेऊन तिथल्या सार्वजनिक लायनीतून बाहेर सोडणं म्हणजे परवानाधारक कंपनीला बगल देणं. २०२० आणि २०२१मध्ये दूरसंचार विभागाने कॉल सेंटरसारख्या सेवांचे नियम पुष्कळ सैल केले, पण परवानाधारकांना बगल द्यायची मोकळीक त्यात कोणाला दिलेली नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या सिस्टिमांत लॉजिकल पार्टिशन, म्हणजे स्वतःची लिंक आणि सार्वजनिक लाइन एकमेकींना जोडू न देणारी भिंत, असते ती यासाठीच. ती चालू ठेवा. आणि ती बंद करून देतो म्हणणाऱ्या माणसाला चहा पाजून परत पाठवा.

राहिलं क्लाउड. लाइन गेली की बाहेरून येणारे कॉल क्लाउडवाला मोबाइलवर वळवतो, ही सोय चांगलीच आहे. पण शाखेचं इंटरनेट गेलं की बहुतेक ठिकाणी शेजारच्या टेबलवरचा फोनसुद्धा वाजत नाही, कारण तो कॉलही क्लाउडमार्गेच जायचा असतो. पेटी ऑफिसात असेल तर आतले फोन चालू राहतात. दोन कंपन्यांच्या दोन लायनी घेतल्या म्हणून निश्चिंत राहू नका, दोन्ही फायबर एकाच चरातून आले असतील तर जेसीबीचा एक दात पुरतो.

आता मेसेजात नसलेला एक धोका. एसआयपीचा पोर्ट (फोन सिस्टिमचं इंटरनेटवरचं दार), ५०६०, उघडा ठेवलात तर काही तासांतच कोणीतरी दार ठोठावायला लागतं. एका ठिकाणी एक्स्टेन्शनचा पासवर्ड एक्स्टेन्शनचाच नंबर होता. शनिवारी रात्री कारखाना बंद झाला आणि सोमवारी सकाळपर्यंत कुठल्या कुठल्या देशांत आयएसडी लागले होते. ज्यांना गरज नाही त्यांची आयएसडी बंद ठेवा, एवढं तरी आजच करता येईल.

विचारणाऱ्या दोघांना उत्तर द्यायचं राहिलं. एकाचं गोडाऊन सव्वा किलोमीटरवर आहे, त्यांनी रेडिओ लावावा, पण आधी मधल्या सुबाभळीच्या मालकाशी बोलून घ्यावं. दुसऱ्याची मडगावची शाखा चार फोनांची आहे. तिथे आयपी फोन, ब्रॉडबँड आणि व्हीपीएन पुरे, भोसरीचा ईपीएबीएक्स राहू द्यावा. आणि गेट नंबर दोनवरचा तो काळा पडलेला फोन काढू नये, गुरुवारी तोच वाजतो.