वर्ल्डकपचे 11,637 कोटी गेले कुठे?

‘2023 च्या वर्ल्डकपने भारताला 11,637 कोटी कमवून दिले. फाइव्ह स्टारपासून वडापावच्या गाडीपर्यंत सगळे मालामाल, वर सरकारी तिजोरीत कर. आता 2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादने पळवली, मुंबई बसली हात चोळत.’ हा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय.

आकडा खरा आहे, पण तो कमाईचा नाही. आयसीसीने नील्सन या बाजार-संशोधन कंपनीकडून करून घेतलेल्या अहवालात 1.39 अब्ज डॉलरचा ‘आर्थिक परिणाम’ दिलाय. त्यातले सुमारे 86 कोटी डॉलर प्रेक्षकांच्या प्रवासाचे, राहण्याचे आणि खाण्यापिण्याचे. थोडक्यात, उलाढाल. आणि ऐन दिवाळीत वानखेडेवर सेमीफायनल बघायला आलेल्या डोंबिवलीकराने ते पैसे एरवी खर्चलेच नसते का? लोणावळ्यात नाहीतर हॉटेलात घालवलेच असते. स्पर्धा भरवणाऱ्यांनीच स्पर्धेचे गुण गायले, यात नवल ते काय.

वडापाववाल्याचं म्हणाल, तर सामन्याच्या दिवशी चर्चगेटला उतरून बघा. गालावर तिरंगा रंगवणारी पोरं, फुटपाथवर निळ्या जर्सींचे ढीग, भोंगे, टोप्या. धंदा होतो, नाही कशाला म्हणा. पण पालिकेची ‘गाडी आली’ अशी हाक ऐकू आली की चादरीची चार टोकं धरून पळायचं. 2023 मध्ये मुंबईत सामने झाले पाच, म्हणजे पाच दिवसांची कमाई. गेटाच्या आत तर बाहेरची पाण्याची बाटलीही चालत नाही. आतले जाहिरातीचे फलक आयसीसीच्या प्रायोजकांचे, प्रक्षेपणाचे हक्कही आयसीसीचे. मोठा पैसा तिथे आहे, आणि तो शहराच्या हातून जातच नाही. 2024 ते 2027 या काळात आयसीसीच्या वाटपातला 38.5 टक्के हिस्सा बीसीसीआयचा आहे. मुंबई महापालिकेचा किती, हे विचारायचीही सोय नाही.

करांचं गणितही तसंच. तिकिटावरचा जीएसटी केंद्र आणि राज्य वाटून घेतात. महापालिकेची जकात 2017 मध्येच गेली. 2011 च्या वर्ल्डकपला तर केंद्राने आयसीसीला करमाफीच दिली होती. पुढे ती मिळेनाशी झाली, तेव्हा आयसीसीने तो भार बीसीसीआयच्या वाट्यातून कापायला सुरुवात केली.

खर्च मात्र इथलाच. सामन्यांच्या बंदोबस्तासाठी पोलिसांना द्यायचं शुल्क राज्य सरकारने जून 2023 मध्ये घटवलं, तेही 2011 पासून, मागच्या तारखेने! याचिका झाली, उच्च न्यायालयाने 2024 मध्ये जाब विचारला. जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळाच्या खेळाला ही सवलत कशासाठी, याचं धड उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

राहिलं अहमदाबाद. हेवा करण्याआधी अशा मोठ्या स्पर्धा भरवलेल्या शहरांचं काय झालं ते बघा. मॉन्ट्रियलने 1976 चं ऑलिम्पिक भरवलं, त्याचं कर्ज फिटायला 2006 उजाडलं. नफ्याचा दाखला म्हणून लोक 1984 चं लॉस एंजेलिस पुढे करतात. तिथे मुख्य स्टेडियम 1932 च्या ऑलिम्पिकचंच होतं, आणि तोटा झाला तर करदात्यांनी भरायचा नाही, असं शहराने आधीच ठरवून घेतलं होतं. मुंबईला हात चोळायचेच असतील, तर तशी अट घालणारा करार दाखवा, मग चोळू.